ट्युनिसचा हुकूमनामा

वाचकहो, गुलामगिरी कोणी नष्ट केली, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो बहुधा दोन नावे सांगेल: इंग्लंडचे विल्बरफोर्स आणि अमेरिकेचे अब्राहम लिंकन. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि या अपुरेपणाचा त्रास आपल्या मुलांना होतो. बाहेर त्यांना ऐकू येते की, इस्लामने गुलामगिरी चालू ठेवली. घरी त्यांना सांगितले जाते की, इस्लामने ती चौदाशे वर्षांपूर्वीच नष्ट केली. दोन्ही विधाने ठणकावून केली जातात आणि दोन्हीमागे अभ्यास थोडाच असतो. गुलामगिरी पहिल्या शतकातच संपली असेल, तर एकोणिसाव्या शतकात जेद्दाच्या बाजारात कोण विकले जात होते? आणि इस्लामला ती हवीच होती, तर ट्युनिसच्या एका मुसलमान राजाने फ्रान्सच्या दोन वर्षे आधी व अमेरिकेच्या एकोणीस वर्षे आधी ती आपल्या राज्यात कशी बंद केली, आणि तेथील मुफ्तींनी त्याला लेखी संमती कशी दिली?

ही ट्युनिसची हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा आढळत नाही. म्हणून ती येथे जरा सविस्तर सांगतो.

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ट्युनिस हे नावाला तुर्की सुलतानाचे मांडलिक, पण प्रत्यक्षात हुसैनी घराण्याच्या बेंचे स्वतंत्र राज्य होते. १८३७ मध्ये अहमद बे गादीवर आला. पश्चिमेला अल्जीरियात १८३० पासून फ्रेंच फौजा उतरलेल्या होत्या, पूर्वेला त्रिपोलीत तुर्कांनी १८३५ मध्ये पुन्हा थेट अंमल बसवला होता. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी या लहानशा राज्याची अवस्था होती. अहमद बेने लष्कर नव्या पद्धतीने उभारले आणि १८४० मध्ये बार्दो येथे लष्करी विद्यालय काढले. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची आई जन्माने इटालियन होती. १७९८ मध्ये ट्युनिसच्या चाच्यांनी सार्डिनियाजवळच्या सान पिएत्रो या बेटावर धाड घालून शेकडो माणसे पकडून आणली, त्यांत ती लहान मुलगी होती. गुलाम म्हणून आलेली ही मुलगी पुढे राजमाता झाली. आईच्या या पूर्वायुष्याचा मुलाच्या मनावर किती परिणाम झाला हे कोणी मोजलेले नाही. पण गुलामाला आई असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसेल, एवढे म्हणता येईल.

त्या काळी ट्युनिसमध्ये काळे गुलाम सहारा वाळवंट ओलांडून, काफिल्यांबरोबर येत. त्यांची विक्री शहरातल्या सूक अल्-बिरका या बाजारात होई. (आज तेथे सोनारांची दुकाने आहेत.) विक्रीवर सरकारी कर असे, म्हणजे प्रत्येक माणसामागे खजिन्यात पैसा पडे. १८४१ च्या एप्रिल महिन्यात ब्रिटिश कॉन्सल सर टॉमस रीड यांनी बेची गाठ घेऊन गुलामांच्या व्यापाराचा विषय काढला. हे रीडसाहेब म्हणजे सेंट हेलेना बेटावर नेपोलियनवर पहारा ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक. बे टाळाटाळ करील अशी अपेक्षा असताना त्याने चटकन मान्यता दिली. त्याने आपल्या मालकीचे गुलाम मुक्त केले आणि राज्यातून गुलाम बाहेर पाठवण्यास मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाजार बंद झाला व करही रद्द झाला. १८४२ च्या डिसेंबरात आणखी एक पाऊल पडले: राज्यात यापुढे गुलामांच्या पोटी जन्मणारे मूल स्वतंत्र मानले जाईल. आणि २३ जानेवारी १८४६ रोजी, हिजरी सन १२६२ च्या मुहर्रम महिन्यात, शेवटचा हुकूमनामा निघाला. ज्या गुलामाला सुटका हवी असेल त्याने मागावी आणि त्याला मुक्तीचा दाखला मिळावा.

हा दाखला कोठे मिळणार होता, ते पाहा. कोतवालीत नव्हे आणि परदेशी वकिलातीतही नव्हे. शहराचे संरक्षक संत मानले जाणारे सिदी महरेज, तसेच सिदी मन्सूर यांचे दर्गे आणि बकरिया जाविया, अशा तीन ठिकाणी दाखले लिहून देणारे लेखक नेमले गेले. जुलमाला कंटाळलेला गुलाम पूर्वीपासून दर्ग्याच्या आवारात आसरा घेत असे. राजाने तीच ओळखीची वाट कायद्याची केली. कागदावरच्या सुधारणा लोकांच्या पायाखालच्या वाटेवर आणून ठेवणे हे राज्यकर्त्याचे खरे कसब आहे, आणि येथे ते दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धर्मशास्त्राने मना न केलेली गोष्ट राजा मना करू शकतो काय? सगळा वाद या एका प्रश्नावर होता.

विद्यार्थी मित्रांनो, वाद समजण्यासाठी फिक्हची स्थिती आधी लक्षात घ्या. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांच्या काळी गुलामगिरी अरबस्तानात होती, रोममध्ये होती, इराणातही होती. कुरआन शरीफने ती एका आज्ञेने बंद केली नाही. मात्र गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्यकर्म ठरवले, अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलामाची सुटका सांगितली, जकातीच्या खर्चाच्या बाबींमध्ये गुलामांच्या मुक्ततेची बाब घातली, आणि पैसे फेडून सुटू इच्छिणाऱ्या गुलामाशी तसा करार करावा असेही सांगितले. हजरत अबूबकर यांनी हजरत बिलाल यांना विकत घेऊन मुक्त केले, ही गोष्ट आपल्या घरातले लहान मूलही जाणते. पुढे फिक्हच्या ग्रंथांनी नियम बांधले: स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नाही, गुलामी दोनच मार्गांनी येते, एक तर कायदेशीर युद्धात पकडलेला गैरमुस्लिम, दुसरा गुलामाच्या पोटी जन्मलेला. मालकापासून मूल झालेली दासी विकता येत नाही, मालकाच्या मृत्यूनंतर ती स्वतंत्र होते.

नियम असे होते. व्यवहार निराळा होता. काफिल्यांबरोबर येणारी पोरेबाळे कोणत्या कायदेशीर युद्धात पकडली गेली, हे विकणारा सांगत नसे आणि घेणारा विचारत नसे. याबद्दलची टोचणी मात्र जुनी होती. टिंबक्टूचे थोर विद्वान अहमद बाबा यांना तुआत येथील लोकांनी असाच प्रश्न लिहून विचारला होता, आणि १६१५ च्या सुमारास त्यांनी उत्तरादाखल एक पुस्तिका लिहिली. काळा रंग हे गुलामीचे कारण असूच शकत नाही. सुदानी मुलखातली अनेक राज्ये कित्येक शतकांपासून मुसलमान आहेत, तेथील माणूस विकत घेणे हराम आहे, असे त्यांनी बजावले. अहमद बाबांना स्वतःला मोरोक्कोच्या फौजेने पकडून साखळदंडात मराकेशला नेले होते. बंदिवास म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. तरीही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, मुसलमान नसलेल्या माणसाला गुलाम करण्यास त्यांची हरकत नव्हती. आपल्या काळाच्या भिंतीपर्यंत ते आले, पलीकडे गेले नाहीत.

अहमद बेने शरीअतच्या न्यायसभेला जे पत्र पाठवले त्यात गुलामगिरी हराम आहे असे कोठेही म्हटलेले नाही. त्याने तीन कारणे दिली. पहिले असे की, बहुतेक लोक गुलामांना नीट वागवत नाहीत आणि शरीअतने घातलेल्या अटी पाळत नाहीत. दुसरे असे की, या लोकांच्या मुलखात इस्लाम कधीचाच पोचलेला आहे, त्यामुळे त्यांची मालकी मुळात वैध आहे की नाही याबद्दल उलेमांतच मतभेद आहे. वैध मालकी कोठे उरली आहे? तिसरे कारण उघड राजकीय होते: जुलमामुळे गुलाम परदेशी वकिलातींत आश्रय मागू लागले आहेत, ते थांबले पाहिजे. हनफींचे शेखुल-इस्लाम मुहंमद बैराम आणि मालिकींचे प्रमुख मुफ्ती इब्राहीम रियाही यांनी याला संमती दिली. मागचे तत्त्व सोपे आहे. एखादी गोष्ट मुबाह, म्हणजे करण्यास मोकळी आहे, याचा अर्थ ती करणे सक्तीचे आहे असा होत नाही. मोकळ्या गोष्टीतून अन्याय होऊ लागला तर लोकहितासाठी, मसलहतसाठी, राज्यकर्ता ती थांबवू शकतो.

हे तत्त्व सर्वांना पटले असे मात्र नाही, आणि न पटणारेही साधेसुधे लोक नव्हते. त्याच १८४२ साली मोरोक्कोचे सुलतान मौलाय अब्दुर्रहमान यांना ब्रिटिश कॉन्सल जनरलने विचारले की, गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी आपण काय केले आहे? सुलतानांनी उत्तर पाठवले त्याचा आशय असा की, बाबा आदमपासून सर्व पंथ आणि सर्व राष्ट्रे या बाबतीत एकमताने वागत आली आहेत, कोणत्याही धर्माने ती मना केल्याचे आम्हाला ठाऊक नाही, तेव्हा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे मोरोक्कोचेच इतिहासकार अहमद अन्-नासिरी यांनी आपल्या ग्रंथात या व्यापारावर कडक टीका केली. काळी माणसे जनावरांसारखी बाजारात विकली जातात, रंगावरूनच ती गुलाम समजली जातात, आणि त्यांतली कितीतरी मुसलमान असतात, याचा त्यांना संताप होता. एकाच देशात, एकाच शतकात, एकच मजहब मानणारी ही दोन माणसे!

सर्वांत मोठा भडका हिजाजमध्ये उडाला. तुर्की सरकारने इस्तंबूलचा गुलामांचा बाजार १८४७ च्या सुमारास बंद केला होता. १८५५ मध्ये व्यापारबंदीची बातमी जेद्दा व मक्केत पोचली तेव्हा तेथील व्यापारी हवालदिल झाले. मक्केचे एक प्रमुख आलिम शेख जमाल यांनी फतवा दिला की, ही बंदी शरीअतविरुद्ध आहे आणि ती घालणारे तुर्क धर्मापासून ढळले आहेत. बंड झाले, पवित्र शहरात रक्त सांडले. तुर्कांनी बंड मोडले खरे. पण १८५७ मध्ये काळ्या गुलामांच्या व्यापाराला बंदी करणारे फर्मान निघाले तेव्हा त्यातून हिजाज वगळण्यात आला. म्हणजे बंडाने आपले काम साधले. त्या फतव्यात धर्माची कळकळ किती आणि बाजाराची किती, याचा निवाडा मी करणार नाही. व्यापाऱ्यांची तक्रार आधी आली आणि फतवा नंतर, एवढा क्रम मात्र वाचकांनी ध्यानात घ्यावा.

असा बाजार केवळ आपल्याच लोकांनी धर्माच्या आड लपवला असे कोणी समजू नये. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये कायदा केला तेव्हा मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली; गुलामांच्या हाती एक दमडीही पडली नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातले पाद्री बायबलमधून गुलामीची वचने काढून दाखवत होते. १८४६ च्या अखेरीस अहमद बे पॅरिसच्या भेटीला गेला, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्या फ्रान्सच्या वसाहतींत गुलामगिरी चालू होती. ती एप्रिल १८४८ मध्ये संपली. आणि १८८८ साली कार्थेजचे आर्चबिशप कार्डिनल लाव्हिजरी यांनी युरोपभर फिरून गुलामगिरीचा दोष इस्लामवर ठेवला. कार्थेज म्हणजे ट्युनिसचेच उपनगर! बेचाळीस वर्षांपूर्वीचा हुकूमनामा त्यांच्या दाराशीच पडलेला होता. त्यांचे भाषण पॅरिसमध्ये ऐकलेल्या अहमद शफीक या इजिप्शियन तरुणाने पुढे फ्रेंच भाषेत पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिले.

पण उत्तर देण्याची खरी ऐट ट्युनिसच्या जनरल हुसैन यांची. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कॉन्सल एमॉस पेरी यांनी ट्युनिसमध्ये विचारणा केली की, आपल्याकडे गुलामगिरी बंद केल्याचा अनुभव काय? हुसैन त्या वेळी ट्युनिसच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १८६४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या उत्तरात धर्माचा दाखला आहेच, पण अर्थशास्त्रही आहे: स्वतंत्र माणसाचा हात गुलामाच्या हातापेक्षा अधिक पिकवतो, आणि ज्या देशांत गुलामी नाही ते अधिक भरभराटीचे आहेत. पूर्वी पॅरिसच्या ऑपेरागृहात आपल्याबरोबरच्या काळ्या सोबत्यावर एक अमेरिकन गृहस्थ कसा धावून आला, तेही त्यांनी सांगितले. आणि शेवटी अमेरिकनांना आर्जवाने सुचवले की, तुम्हीही दया दाखवा. पत्र लिहिणारे हे हुसैन जन्माने सर्केशियन, लहानपणी गुलाम म्हणून आणलेले, बार्दोच्या विद्यालयात शिकलेले. त्यांचे स्नेही खैरुद्दीन पाशा हेही तसेच विकत घेतलेले मूल. ते पुढे ट्युनिसचे पंतप्रधान झाले, १८७५ मध्ये त्यांनी सादिकी कॉलेज स्थापन केले, आणि नंतर तुर्कस्तानचे वजीरे-आझमही झाले. शिक्षण संस्था चालवणाऱ्यांनी या नावाची ओळख ठेवावी.

येथे एका युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे, कारण तो आपल्याकडे फार आवडीने केला जातो. "मुसलमानांत गुलाम वजीर झाले, बादशहा झाले, ती कसली गुलामगिरी?" आपल्या दख्खनपुरते बोलायचे तर मलिक अंबर यांचे नाव लगेच पुढे येते. हबशी देशातून विकला गेलेला मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, खडकी शहर वसवतो, मोगलांना जेरीस आणतो. अभिमान वाटावा असेच ते चरित्र आहे आणि खुलताबादला त्यांची कबर आजही आहे. पण पालकहो, मलिक अंबर यांचा पराक्रम हा मलिक अंबर यांचा. ज्या व्यवस्थेने त्यांना आईपासून तोडून बाजारात उभे केले तिचे ते श्रेय नव्हे. त्याच वाटेने आलेल्या, ज्यांना ना फौज मिळाली ना कबरीवर नाव मिळाले, त्यांचा हिशेब कोण देणार? एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने समुद्रात सोडवलेली आफ्रिकन मुले नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. त्यांतलाच एक जेकब वेनराइट हा लिव्हिंगस्टनचा मृतदेह इंग्लंडपर्यंत घेऊन गेला. त्या मुलांपैकी बहुतेकांना आपले मूळ गाव कोणते हेही सांगता येत नसणार.

हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले. म्हणून येथील वाद व्यवहाराचा न राहता तत्त्वाचा झाला. सर सय्यद अहमद खान यांनी 'तहजीबुल-अखलाक'मधून या विषयावर लिहिले. ते लेखन पुढे 'इब्ताल-ए-गुलामी' या नावाने पुस्तकरूपात आले. त्यांचे म्हणणे ट्युनिसच्या मुफ्तींच्या कितीतरी पुढचे होते. कुरआनच्या सत्तेचाळिसाव्या सूरेत युद्धकैद्यांविषयी दोनच पर्याय दिले आहेत, उपकार म्हणून सोडा किंवा खंडणी घेऊन सोडा. तिसरा, गुलाम करण्याचा पर्यायच नाही. म्हणजे ही आयत उतरली तेव्हाच नवी गुलामी बंद झाली, नंतर जे झाले ते मुसलमानांचे वर्तन, इस्लाम नव्हे. सय्यद अमीर अली यांनी १८७३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आणि पुढे 'स्पिरिट ऑफ इस्लाम'मध्ये सौम्य भूमिका घेतली: पैगंबरसाहेबांनी सुटकेचे दरवाजे इतके उघडले की, गुलामी हळूहळू आपोआप संपावी हाच हेतू होता. (त्याच १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केले, हेही मराठी वाचकाने विसरू नये.)

उलेमांनी सर सय्यदना जे उत्तर दिले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणाले, आयतीचा हा अर्थ बाराशे वर्षांत एकाही इमामाला दिसला नाही आणि अलीगढच्या एका माणसाला दिसला? सहाबांच्या घरी गुलाम होते. त्यांना कुरआन कळला नव्हता काय? प्रश्न बिनतोड वाटतो. मला स्वतःला मात्र ट्युनिसच्या मुफ्तींची वाट अधिक भक्कम वाटते. त्यांनी पूर्वजांना चूक ठरवले नाही आणि पूर्वजांच्या आड लपलेही नाहीत. अटी पाळल्या जात नाहीत, तर परवानगी उरत नाही, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. तो हिशेब मक्केत १८५५ सालीही मांडता आला असता.

मांडला गेला नाही, म्हणून सौदी अरबस्तानात गुलामगिरी १९६२ पर्यंत, ओमानमध्ये १९७० पर्यंत आणि मॉरिटानियात १९८१ पर्यंत कायद्याने चालू राहिली. मॉरिटानियात तो फौजदारी गुन्हा ठरायला २००७ साल उजाडले. ट्युनिसमध्ये तरी सगळे सुरळीत झाले काय? नाही. हुकूमनाम्याचा रोख काळ्या गुलामांवर होता. राजवाड्यातले सर्केशियन गोरे गुलाम व दासी यांची प्रथा पुढेही चालली. दूरच्या दक्षिणेकडच्या ओॲसिसांत आणि घराघरांत काळ्या माणसांची गुलामीही रेंगाळली, इतकी की १८९० मध्ये फ्रेंच अमलात शिक्षेच्या तरतुदींसह पुन्हा हुकूम काढावा लागला. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली ना भांडवल. बरेचसे जुन्या मालकाच्याच दारी मजुरी करत राहिले.

१८४१ ते १८४६ या काळातील ट्युनिसच्या कागदपत्रांची युनेस्कोने २०१७ मध्ये जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. २०१८ मध्ये ट्युनिशियाने वंशभेदाविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षी २३ जानेवारी हा दिवस गुलामगिरीच्या समाप्तीचा राष्ट्रीय दिन ठरला. त्या कायद्याचा आधार घेऊन दक्षिणेतल्या एका ८१ वर्षांच्या काळ्या वृद्धाच्या वतीने मेदेनीनच्या न्यायालयात अर्ज झाला. त्यांच्या नावात पिढ्यान्‌पिढ्या 'अतीक' हा शब्द चालत आला होता, आणि त्यापुढे पूर्वजांच्या मालकाचे घराणे. अतीक म्हणजे अमक्याने मुक्त केलेला. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने तो शब्द नावातून काढण्याची परवानगी दिली.